तव्यावरचा उजेड

बेघरांच्या निवाऱ्यांचे फोटो काढायचे आणि ते दाखवून नगर प्रशासनाला जाब विचारायचा, ही रीत आता जगभर रुळली आहे. तिचं एक ठळक मूळ न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर, जेकब रीस नावाच्या पोलीस-बातमीदारापाशी सापडतं.

रीस डेन्मार्कचा. १८७० साली अमेरिकेत आला आणि काही दिवस अक्षरशः रस्त्यावर राहिला. तेव्हा निराधारांना रात्रीपुरती पोलीस ठाण्यात जागा मिळे; झोपायला नुसत्या फळ्या. चर्च स्ट्रीटच्या ठाण्यात त्याच्या गळ्यातलं सोन्याचं लॉकेट चोरीला गेलं. तक्रार केली, तर त्यालाच बाहेर काढलं आणि दाराशी थांबलेलं त्याचं कुत्रं पोलिसाने आपटून मारलं. हा डंख तो विसरला नाही.

पुढे बातमीदार झाल्यावर त्याने गरिबांच्या वस्त्यांबद्दल खूप लिहिलं, पण वाचणारे हळहळून पान उलटत. फोटो काढावेत तर तिथल्या खोल्यांत मिट्ट काळोख. १८८७ साली न्याहारी करताना त्याच्या नजरेला चार ओळींची बातमी पडली: जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची पूड तयार केली होती. ती पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडे.

आरोग्य खात्यातले डॉ. जॉन नेगल आणि काही हौशी छायाचित्रकार यांना घेऊन रीस रात्री-अपरात्री हिंडू लागला. आधी ही पूड पिस्तुलासारख्या दिव्यातून उडवत. मध्यरात्री अनोळखी माणसं आत घुसून पिस्तूल रोखतात म्हटल्यावर झोपलेले लोक खिडकीतून पळू लागले, म्हणून पिस्तूल जाऊन सरळ स्वयंपाकघरातला तवा आला. रीसने दोनदा घराला आग लावली, एकदा स्वतःचे कपडे पेटवले. त्या वेळी डोळे वाचले ते चष्म्यामुळे. परवानगीचा प्रश्नच नव्हता. समोरचा जागा होईपर्यंत काचेच्या प्लेटवर त्याचा चेहरा उमटलेला असे. रस्त्यावरच्या पोरांना त्याने झोपेचं सोंगही घ्यायला लावलं. आणि त्याच्या लेखनात चिनी, ज्यू, इटालियन लोकांबद्दल जे शेरे आहेत, ते आज वाचवत नाहीत.

१८८८ पासून तो मॅजिक लँटर्नवर स्लाइड दाखवत व्याख्यानं देऊ लागला. १८९० साली ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे त्याचं पुस्तक आलं. त्यात फोटो थेट छापणारे हाफटोन ब्लॉक होते, तशी फोटोंवरून काढलेली रेखाटनंही. मग ठाण्यांमधल्या त्या फळ्यांचे फोटो आले. १८९५ साली थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले. रीस त्यांना रात्री चर्च स्ट्रीटला घेऊन गेला, कुत्र्याची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १८९६ मध्ये ठाण्यांतले निवारे बंद झाले.

म्हणजे या प्रकारच्या फोटोग्राफीचा एक पहिला मोठा विजय निवारा उघडण्याचा नव्हे, बंद करण्याचा. रीसला तेच हवं होतं. फुकटची जागा भटके पोसते, असं त्याचं ठाम मत. तिथे झोपणाऱ्यांचं मत कुणी विचारल्याचं त्याच्या लेखनात दिसत नाही. पर्याय म्हणून शहराने ईस्ट रिव्हरच्या धक्क्याला एक बार्ज बांधली.

रीस १९१४ साली वारला. काम झाल्यावर त्याला प्लेटांची फारशी पर्वा उरली नव्हती. १९४० च्या दशकात अलेक्झांडर अलँड या छायाचित्रकाराने पाठपुरावा केला, तेव्हा त्या रीस कुटुंबाच्या जुन्या घराच्या माळ्यावर निघाल्या. त्या न्यूयॉर्कच्या शहर संग्रहालयात गेल्या आणि १९४७ साली अलँडने बनवलेल्या मोठ्या प्रिंटांचं तिथे प्रदर्शन भरलं. रीसची गणना थोर छायाचित्रकारांत होऊ लागली ती त्यानंतर.