लिलाव आणि मतपेटी

मुंबई–आग्रा महामार्गाने ओझर सोडून मालेगावकडे जाताना देवळा तालुक्यातील उमराणे हे गाव लागते. सरपंच व सदस्यपदांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील ग्रामपंचायतीची निवडणूक रद्द केली. बोलीचे द्रव्य देवकार्यासाठी होते. तथापि त्यामुळे व्यवहाराचे स्वरूप पालटत नाही. गुप्त मतदान मतदाराचे रक्षण केंद्रात करते. येथे त्याचा अधिकार केंद्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विकला गेला. बिनविरोध निवड ही नेहमीच एकोप्याची खूण नव्हे. ७३ व्या घटनादुरुस्तीच्या कलम २४३-ट अन्वये १९९४ साली महाराष्ट्रात स्वतंत्र आयोग स्थापन झाला, त्या सुधारणेचे मर्म या निर्णयात दिसते: निर्वेध निवडणुकीचा आरंभ मतदानाच्या दिवसापूर्वीच होत असतो.