मागे बसलेल्या गिटारवाल्याचं नाव

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला घराघरांत भीमगीतांच्या जुन्या कॅसेट सापडतात. कव्हरवर गायकाचा फोटो असतो, कंपनीचं नाव असतं. ढोलकी कोणी वाजवली, पेटीवर कोण होतं, कोरस कोणी दिला, हे बहुतेक वेळा नसतंच. ज्यांच्या हातांवर रात्रभर जलसा उभा राहिला, त्यांची नावं फक्त त्यांच्या घरच्यांना ठाऊक. ही गोष्ट आम्हाला नव्याने टोचली ती एका फ्रेंच गिटारवादकाच्या दुर्मीळ तबकड्या ऐकताना. त्याचं नाव बारो फेरे.

आंबेडकरी तरुणांनी पॅरिसचा जॅझ कशाला ऐकायचा, असं कोणी विचारेल. बारो ज्या समाजात जन्मला, त्याला जग 'जिप्सी' म्हणतं. हे लोक इजिप्तहून आले, या गैरसमजातून पडलेलं ते नाव. खरं तर हे रोमा लोक. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून बाहेर पडले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान'च म्हणतात. फ्रान्समधली त्यांची एक शाखा स्वतःला 'मानुश' म्हणवते. मानुश म्हणजे माणूस! जगाने ज्यांना माणूस मानलं नाही, त्यांनी स्वतःचं नावच माणूस ठेवलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह कशासाठी होता हे ज्यांना कळतं, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बारोचा जन्म 1908 सालचा, रूआँ शहरातला. रोमा संगीतकारांत जगाला माहीत आहे तो जँगो राइनहार्ट. 1934 मध्ये पॅरिसला जँगोचं प्रसिद्ध पंचक उभं राहिलं. त्यात एक व्हायोलिन, एक मोठं बास आणि तीन गिटार. ड्रम नव्हतेच. जँगो पुढे वाजवायचा आणि मागची दोन गिटार ताल धरायची. तारा झटक्यात छेडायच्या आणि लगेच दाबायच्या. त्यातून ढोलाचं काम व्हायचं. मागे बसून हा ताल देणाऱ्यांपैकी एक बारो होता. आपल्या जलशातला ढोलकीवाला आणि झीलकरी एकाच माणसात पाहावा, असा.

पण बारो फक्त साथीदार नव्हता. अ‍ॅकॉर्डियनवादक ग्यूस व्हिझरबरोबर त्याने नाचघरांतल्या तीन मात्रांच्या वॉल्ट्झला नवं रूप दिलं. 'पानिक', 'ला फोल' या त्याच्या रचना ऐकाव्यात. चाल ओळखीची वाटते आणि पुढच्याच क्षणी अनपेक्षित सुरावर वळते. 'ला फोल' म्हणजे वेडी. नाव अगदी शोभतं. हे संगीत काळाच्या पुढचं होतं. महायुद्धानंतर बारोने वादन बरंचसं सोडलं आणि तो बार चालवू लागला. 1966 मध्ये त्याने पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. त्याच्या स्वतःच्या नावावरच्या तबकड्या मोजक्याच आहेत, म्हणून त्यांचं मोल मोठं.

आता याची दुसरी बाजू पाहू. ज्या फ्रान्सने रोमांच्या गिटारला टाळ्या दिल्या, त्याच फ्रान्सने 1912 मध्ये भटक्यांसाठी कायदा केला. तेरा वर्षांवरच्या प्रत्येक भटक्या माणसाने शरीराची मापं, फोटो आणि बोटांचे ठसे असलेलं पुस्तक जवळ बाळगायचं आणि गावोगावी त्यावर शिक्का घ्यायचा. हे 1969 पर्यंत चाललं. मधल्या काळात नाझींनी लाखो रोमांना ठार मारलं. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. पण खानदेशात कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे आपण आजही पाहतो. कलेला दाद द्यायची आणि कलाकाराला वेशीबाहेर ठेवायचं, ही रीत पॅरिसची आणि आपली सारखीच!

2016 मध्ये दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, भारताशी त्यांच्या नात्याचा गौरव झाला. आम्हाला आनंदच आहे. 1971 च्या लंडन परिषदेत रोमांनी स्वीकारलेल्या झेंड्यावरही चक्र आहे. ते पाहून अशोकचक्र आठवतंच. पण दूरच्या रोमांना आपलं म्हणणाऱ्या व्यवस्थेने आधी गावच्या भटक्या-विमुक्तांना रेशनकार्ड आणि जातीचा दाखला द्यावा. प्रेमाची परीक्षा तिथे होते.

आणि एक प्रश्न आपल्या चळवळीलाही. बारो आज ऐकू येतो, कारण कोणीतरी तबकड्या जपल्या आणि मागे कोण वाजवत होतं याची नोंद ठेवली. आपण काय केलं? 31 जुलै 1937 ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीत दरवर्षी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. यंदा जाताना प्रत्येकाने मोबाइलवर किमान एक गाणं पूर्ण ध्वनिमुद्रित करावं. मग स्टेजमागे जाऊन ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं, कोरसमधल्या ताईंचं नाव, गाव आणि तारीख विचारून लिहून ठेवावी. घरातल्या कॅसेट बुरशी लागण्याआधी कॉम्प्युटरवर उतरवाव्यात.

ज्यांना इतिहासाने मागे बसवलं, त्यांची नावं आपणच मागे ठेवली तर दोष कोणाला देणार?

जयभीम!