परदेशगमनाची कागदपत्रे : काल आणि आज

आपल्या ज्ञातीतील एखादा तरुण परदेशी निघाला की पूर्वी प्रथम प्रश्न उपस्थित होई तो प्रायश्चित्ताचा. समुद्रोल्लंघन केलेल्यास पंक्तीत घ्यावे किंवा कसे, याचा खल ज्ञातिसभांतून दिवसचे दिवस चाले. सन १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणार्थ अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांच्या वाटेतील मोठा अडसर होता तो स्वजनांच्या रोषाचा. प्रवाशाजवळ पारपत्र असलेच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती त्या काळी नव्हती. आज पंगतीचा प्रश्न राहिलेला नाही, आणि सारा मार्ग कागदांनी व्यापला आहे. हा पालट कसा घडला, हे ज्ञातिबांधवांनी जाणून घ्यावे एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पहिल्या महायुद्धाने जगभर सरहद्दींवर पहारे बसविले. युद्ध संपले, पण पहारे उठले नाहीत. हिंदुस्थानात १९२० साली पारपत्राचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. आयातनिर्यातीचा व्यवसाय करणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असा निर्णय १९६७ च्या एप्रिलमध्ये बहुमताने झाला. त्याच वर्षी नवा पारपत्र अधिनियम आला. आपल्या उद्योजकांनी ध्यानात ठेवावे की, हा हक्क एका व्यापाऱ्याच्या चिकाटीने मिळालेला आहे.

आपले दार उघडले तरी पलीकडचे दार त्या त्या देशाच्या हाती असते. ब्रिटनने २००८ साली उद्योजकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्यास सामान्यतः दोन लाख पौंड भांडवल दाखवावे लागे. २०१९ मध्ये तो मार्ग नव्या अर्जदारांस बंद होऊन भांडवलाची अट पन्नास हजारांवर आली, आणि २०२३ मध्ये ठराविक रकमेची अटही गेली. तिच्या जागी आता योजना नवीन, व्यवहार्य व वाढीस योग्य असल्याची मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस हवी असते. जर्मनीच्या २००५ च्या कायद्यात प्रथम दहा लक्ष युरो व दहा नोकऱ्या असे प्रमाण सांगितले होते. ते उतरत उतरत २०१२ मध्ये रद्द झाले. मात्र तेथे पंचेचाळीस वर्षांवरील अर्जदारास वार्धक्याच्या निर्वाहाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. या शेवटच्या अटीशी आमचा संबंध आला, तो पुढे सांगू.

परदेशी लिहिलेल्या कागदाची सत्यता पटविण्यासाठी १९६१ साली हेग येथे करार झाला. त्यानुसार लावावयाच्या शिक्कापत्रास अपोस्टिल म्हणतात. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. प्रथम राज्य सरकारच्या संबंधित खात्याचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम असतो. परंतु भारताच्या प्रवेशास जर्मनीने हरकत घेतल्यामुळे त्या देशाकरिता आपल्या कागदांची निराळी पडताळणी होते. मूळ नोंदवह्यांपर्यंत जाऊन चौकशी केली जाते.

भाषांतराचेही असेच आहे. ब्रिटनला भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख व अचूकतेची हमी पुरते; जर्मनीत न्यायालयापुढे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचा शिक्का मागतात. शिक्के, समासातील शेरे, खाडाखोड, सारे भाषांतरात उतरावे लागते. आमच्या पाहण्यात आलेल्या एका भाषांतरात सातबाऱ्यावरील 'अज्ञान पालनकर्ता' यातील अज्ञान शब्दाचा अर्थ 'अडाणी' असा केलेला होता. वास्तविक तेथे अज्ञान म्हणजे वयात न आलेला. आपले मधले नाव पित्याचे असते, विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात, या गोष्टी परकीय अधिकाऱ्यास ठाऊक नसतात. त्या टीप देऊन सांगाव्या लागतात.

आता आमच्या हातून घडलेल्या चुकीविषयी. सन १९८४ च्या जूनमध्ये आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा आमच्या शाळेत दाखल झाला. आईस मुलाचा जन्म भाद्रपदातला एवढेच आठवत होते. सहा वर्षे पूर्ण दिसावीत म्हणून आम्ही जनरल रजिस्टरात १ जून १९७८ अशी तारीख घातली. त्या काळी गावोगावचे शिक्षक हेच करीत, आणि मुलाचे वर्ष वाचविले या समाधानात असत. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पारपत्रावर तीच तारीख आली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मात्र १७ सप्टेंबर होता.

या मुलाने यंत्रांचे सुटे भाग करण्याचा कारखाना नावारूपाला आणला व २०२३ च्या जुलैमध्ये जर्मनीसाठी अर्ज केला. कागदावर तो पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. वास्तविक दोन महिने बाकी होते. वार्धक्याची तरतूद दाखविण्यासाठी त्याने वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकला. पुढे पडताळणीत दोन तारखा उघड झाल्या आणि प्रकरण अडले. तो आमच्याकडे आला. रागावला नाही, "गुरुजी, तेव्हाचे आठवते तेवढे लिहून द्या" इतकेच म्हणाला. तारीख अंदाजाने घातली, असे प्रतिज्ञापत्र आम्ही केले. स्वतःच्या अक्षराविरुद्ध साक्ष देण्याचा तो प्रसंग आम्हांस जड गेला. तो पुढे गेला, पण वर्ष उशिरा, आणि ती जमीन परत आली नाही.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. परदेशाचा विचार नसला तरी घरातील प्रत्येकाचे जन्मनोंद, शाळेचा दाखला, विवाहनोंद व पारपत्र एकत्र ठेवून नावे व तारखा ताडून पाहाव्यात. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती शक्य असते, नंतर ती फार दुर्घट होते. नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपावी. एके काळी परदेशी जाणाऱ्यास अडविण्यात आपल्या सभांचा वेळ गेला. आता त्याचे कागद नीट करून देण्यात तो जावा, म्हणजे त्या जुन्या ऋणाची काही अंशी फेड होईल.