आधी ढोलकी आली

मी आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावचा. मराठीत कविता लिहितो. अठरा वर्षे मला ऐकू येत नव्हते. रेडिओ माळ्यावर गेला होता. आज त्याच रेडिओवरून तुमच्याशी बोलतो आहे, ते कॉक्लिअर इम्प्लान्टमुळे.

या यंत्राची कुळकथा जुनी आहे. बॅटरीचा शोध लावणाऱ्या इटलीच्या व्होल्टाने १८०० च्या सुमारास स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून वीज सोडली. डोक्यात धक्का बसला आणि पिठले रटरटावे तसा आवाज आला. पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही. पुढे १९५७ मध्ये पॅरिसला जूर्नो आणि एरीएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या मज्जातंतूपर्यंत वीज पोचवली. त्याला लय कळली. बोलणे मात्र उमगेना.

ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅहम क्लार्क यांचे वडील कानाने अधू होते. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी कॉक्लिया असते. तिच्या वेटोळ्यांत तार सरकवायची कशी, हा क्लार्क यांच्यापुढचा पेच. १९७७ साली समुद्रकिनारी एका शंखात गवताची काडी सारताना तो सुटला : तार टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ हवी. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये रॉड सॉन्डर्स यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची धून ऐकवताच हे गृहस्थ ताडकन उठून उभे राहिले आणि जोडलेल्या तारा निसटल्या! बोलणे समजण्याआधी त्यांना धून ओळखता आली होती.

माझे यंत्र सुरू झाले त्या दिवशी मी मात्र हिरमुसलो. बायकोचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. गाणे लावले, तर नुसता खडखडाट. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या हजारो पेशी असतात. त्यांचे काम माझ्या कानात बावीस तारटोके करतात. त्यामुळे ठेका स्वच्छ कळतो, पण जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळतात.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. लहानपणी अब्बांबरोबर तिथे ऐकलेल्या लावण्या मला तोंडपाठ होत्या. त्यातलीच एक रोज अर्धा तास ऐकू लागलो. आधी ढोलकी आली, लख्ख. मग शब्द ओळखू आले. शब्दांचे बोट धरून, पाचव्या महिन्यात, चाल आली. मी मांडीवर ताल धरला आणि बायको स्वयंपाकघरातून धावत आली. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

सगळे परत आलेले नाही. बासरी अजून शिट्टीसारखी वाजते. पण अठरा वर्षे मात्रा बोटांवर मोजून ओळी लिहिल्या. आता त्या मोठ्याने म्हणून पाहतो.

एक चूक माझी आहे, ती सांगायलाच हवी. लोक काय म्हणतील, या लाजेने मी डॉक्टरांकडे जायला फार उशीर केला. कान जितकी वर्षे मुके राहतात, तितकी परतीची वाट लांबते. तुमच्या घरात कुणी दोनदोनदा ‘काय?’ विचारत असेल, तर हसू नका. त्याला कान तपासायला घेऊन जा.