निजामाची कंटिंजंट फौज आणि वऱ्हाड

‘निजामाची फौज’ म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. नाव निजामाचे, पगारही त्याच्याच खजिन्यातून; अधिकारी मात्र इंग्रज आणि हुकूम हैदराबादेतील इंग्रज रेसिडेंटचा. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला तिची मोठी छावणी होती. परतवाडा त्या छावणीभोवतीच वाढला.

सारा न देणारे जमीनदार, पगार थकल्याने बिथरलेले अरब आणि रोहिले शिपाई यांना आवरणे निजामाच्या स्वतःच्या शिबंदीला झेपत नव्हते. ते काम कंटिंजंटने केले. १८४९ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचे नाव लावून एका तोतयाने वऱ्हाडात बंड उभारले, तेही तिनेच मोडले.

किंमत वऱ्हाडाने मोजली. पगाराचे कर्ज फुगत गेले आणि १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीचा महसूल या फौजेवर खर्च होऊ लागला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा करून घेतला. दोन्ही वेळा इथल्या कुणब्याला कोणी विचारले नाही, हा अन्याय इतिहासकारांनी फार थोडक्यात उरकला आहे.

परक्या फौजेच्या आधारावर उभी असलेली राजवट पाठीराखा हटला की टिकत नाही; सीरियातही हेच दिसले. सप्टेंबर २०१५ पासून रशियाची विमाने, जमिनीवर इराण आणि हिजबुल्ला, त्यांच्या बळावर राष्ट्राध्यक्ष असाद तगले. रशिया युक्रेनमध्ये गुंतला, हिजबुल्ला खिळखिळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये राजवट कोसळली.

हैदराबादचा पाठीराखा, म्हणजे इंग्रज, १९४७ मध्ये गेला. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा तेव्हा पेटलेलाच होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.