पुठ्ठ्याच्या विमानातलं पोट्टं

कापसापायी खामगावला १८७० सालीच रेल्वे आली. पण शेतकऱ्याच्या भिंतीवर लेकराचा फोटो लागायला पुढं कैक दशकं गेली. बहुतेकदा तो योग जत्रेनं जुळवला.

होळीच्या सुमारास बुलडाणा तालुक्यात सैलानीची यात्रा भरते. अशा जत्रांत तंबूतला स्टुडिओ असायचा. मागं रंगवलेला पडदा, पुढं पुठ्ठ्याचं विमान! डोक्याला चप्प तेल लावलेलं पोट्टं त्यात बसलं, की मुंबईला निघालंच म्हणायचं. फोटोवाला ‘हलू नको’ म्हणून बजावायचा, पोट्टं हसायचंच.

हौशी माणसाच्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यातही एका रोलवर बाराच फोटो निघत. दुसरी संधी कुठली?

आता ते फोटो पिवळे पडलेत. आजी आहे तोवर मागं पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहून घ्या.