पेटीतला सेफ्टी बेल्ट: अंगावर कसा चढवायचा आणि हुक कशाला अडकवायचा

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगारांना जो सुरक्षा संच मिळतो, त्याला आपल्या वस्त्यांमध्ये सगळे ‘पेटी’ म्हणतात. हेल्मेट, बूट, हातमोजे, जेवणाचा डबा, मच्छरदाणी, टॉर्च अशा वस्तूंबरोबर त्यात पट्ट्यांचा एक गुंताही असतो. मच्छरदाणी त्याच रात्री लागते, डबा दुसऱ्या दिवशी कामावर जातो. पट्ट्यांचा गुंता मात्र पेटीतच राहतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत घरभेटी करताना हा गुंता मी बऱ्याच घरांत पाहिला. एका घरी तर त्या पट्ट्यांनी माळ्यावरच्या गोधड्या बांधून ठेवल्या होत्या. घरातला माणूस रंगारी, इमारती बाहेरून रंगवणारा. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, तो घालायचा कसा तेच कळत नाही. आणि घातला तरी बांधायचा कशाला?”

त्याचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. दुसरा जास्त महत्त्वाचा.

कंबरेचा पट्टा वेगळा, पूर्ण अंगाचा वेगळा

साइटवर दोन्हींना ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कंबरेचा पट्टा माणसाला कडेपर्यंत जाऊ न देण्यापुरता ठीक. पडणाऱ्या माणसाला त्याने झेलायचं म्हटलं तर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, किंवा माणूस त्यातून निसटतो. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी कंबरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पूर्ण अंगाचा बेल्ट, म्हणजे फुल बॉडी हार्नेस, तोच झटका मांड्या, नितंब, छाती आणि खांदे यांवर वाटून देतो. विकत घेताना लेबलवर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहावं. युरोपीय मालावर ईएन ३६१ असतं. लेबलच नसेल तर तो बेल्ट घेऊ नये, कितीही जाड दिसला तरी.

अंगावर चढवताना

गुंता सुटत नाही ही सगळ्यांची तक्रार. युक्ती सोपी आहे. बेल्टच्या पाठीवर एक मोठी लोखंडी कडी असते, इंग्रजी डी अक्षरासारखी. ती कडी हातात धरून बेल्ट उचलायचा आणि झटकायचा. पट्ट्या आपोआप खाली लोंबतात, खांद्याच्या आणि मांड्यांच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात. मग जाकीट घालतो तसे हात खांद्याच्या पट्ट्यांतून घालायचे. मांड्यांच्या पट्ट्या पायांमधून पुढे आणून ज्या त्या बाजूच्या बकलात लावायच्या. डावी उजवीकडे गेली किंवा पट्टीला पीळ पडला तर काढून पुन्हा लावायची. शेवटी छातीची पट्टी. ती छातीच्या मध्यावर हवी, गळ्याजवळ नको. वर राहिली तर पडल्यावर तीच गळ्याला लागते.

आता सोबत्याकडून तपासून घ्या, कारण पाठ स्वतःला दिसत नाही. कडी दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध आहे का? ती कंबरेकडे उतरली असेल तर खांद्याच्या पट्ट्या आवळायच्या. मांडीच्या पट्टीखाली सपाट हात जायला हवा, मूठ जायला नको. मांडीची पट्टी ‘टोचते’ म्हणून ढिली ठेवणारे खूप भेटतात. पण पडताना ढिली पट्टीच सरकून जांघेत बसते आणि माणसाला इजा करते. मांडीच्या पट्ट्या लावल्याच नाहीत तर माणूस बेल्टमधून खाली निसटू शकतो.

वापरण्याआधी रोज एकदा सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवावीत. कापलेली कड, उसवलेली शिवण, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेलं भोक, सिमेंट किंवा रंग बसून कडक झालेली जागा, वाकलेला किंवा आपोआप बंद न होणारा हुक, यातलं काहीही दिसलं तर तो बेल्ट बाद. धुवायचा तर कोमट पाण्यात, साध्या साबणाने. वाळवायचा सावलीत.

हुक कशाला?

रंगाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी खरं तर ठेकेदाराची. बेल्ट वाटला, फोटो काढला, की त्याचं काम संपत नाही. पण साइटवर मी पाहिलंय ते असं: हुक खिडकीच्या ग्रिलला, ड्रेनेजच्या पाइपला, एसीच्या स्टँडला, परांचीच्या बांबूला, नाहीतर स्वतःच्याच बेल्टला, म्हणजे कशालाच नाही. यातल्या एकाही गोष्टीचा पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी विचार झालेला नसतो. अमेरिकेच्या नियमात दर माणसामागे सुमारे सव्वादोन टन भार पेलणारी जागा मागितली आहे. माणूस सत्तर किलोचा आणि जागा एवढी मजबूत का, तर दोन मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर गेलेला असतो आणि तो एका क्षणात थांबवायचा असतो. म्हणून दोरीवर झटका शोषणारी एक शिवलेली पिशवी असते, शॉक अॅब्सॉर्बर. पडल्यावर तिची शिवण उसवत जाते आणि झटका कमी होतो. युरोपीय मानकात हा झटका सहा किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण सहाशे किलोंच्या भाराएवढा, ठेवावा लागतो. ही पिशवी ‘मध्ये येते’ म्हणून कापून टाकलेलीही पाहिली आहे.

हुक शक्यतो डोक्याच्या वर हवा. ठाण्याच्या दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावरच्या पोराची दोरी वरून आलेली असते, ते आठवावं. पाय निसटला तरी पोर फार खाली येत नाही. तीच दोरी पायाशी बांधली असती, तर दोरीच्या दुप्पट लांबी पडल्यावरच ती ताणली गेली असती.

खाली किती जागा लागते, हा हिशेब साइटवर क्वचितच कुणी सांगतं. हुक पाठीच्या कडीच्या उंचीवर आहे असं धरू. दोरी १.८ मीटर, पिशवी उसवून वाढणारी लांबी पावणेदोन मीटरपर्यंत, कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर सोय. बेरीज सहा मीटर. म्हणजे जवळजवळ दोन मजले. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर हीच लांब दोरी लावून काम करणारा माणूस दोरी त्याला थांबवायच्या आत जमिनीवर आलेला असतो. तिथे आखूड दोरी, आपोआप आवळणारी दोरी किंवा सरळ कठडा लागतो.

झुल्यावर काम करणाऱ्यांना दोन दोर हवेत. एक झुल्याचा, दुसरा माणसाचा स्वतःचा. दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या मजबूत जागी बांधलेले, काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला. दोन्ही एकाच जागी बांधले तर ती जागा सुटल्यावर दोन्ही सुटतात. गच्चीच्या कडेवर दोर घासतो तिथे खाली जाड गादी ठेवावी. परांचीवरून सरकत काम करायचं असेल तर दोन हुकांची दोरी घ्यावी. पुढचा हुक लागल्याशिवाय मागचा काढायचा नाही.

बेल्ट म्हणजे सगळ्यावर इलाज नव्हे. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. गच्चीवरचं काम संपवून ते खाली येत होते. तिथे कुठलाही बेल्ट कामाला आला नसता.

लटकल्यानंतर

बेल्टने झेललं म्हणजे माणूस वाचला असं समजू नये. हालचाल न करता लटकून राहिलेल्या माणसाचं रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांत त्याची शुद्ध जाऊ शकते. शुद्धीत असेल तर त्याने पाय सतत हलवत राहावेत, दोरीचा फास करून त्यात पाय देऊन उभं राहता आलं तर उत्तम. पण त्याला उतरवणार कोण, कशाने, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. फायर ब्रिगेडला १०१ वर फोन करावाच, पण त्यांच्या वाटेवर ट्रॅफिक असतो. खाली आणल्यावर माणूस ठीक दिसला तरी रुग्णालयात न्यावं.

विहीर, टाकी, चेंबर

हा भाग आपल्या समाजाच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेला नेतिवलीत एका विहिरीत पाच माणसं गेली. साफ करायला उतरलेला बाहेर येईना म्हणून दुसरे उतरले, आणि सोडवायला आलेल्या अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रकल्पाची सफाई करताना तीन कामगार गेले.

अशा जागी हार्नेसचं काम वेगळं असतं. वर तिपाई, तिला हाताने फिरवायची चरखी आणि तिची दोरी उतरणाऱ्याच्या पाठीच्या कडीला. तो बेशुद्ध पडला तर वरचा माणूस खाली न उतरता त्याला ओढून काढतो. कंबरेला दोर बांधलेला माणूस मधोमध दुमडतो आणि चेंबरच्या तोंडातून निघत नाही. पाठीच्या कडीने ओढलेला उभा येतो.

पण हार्नेस हवा देत नाही. खाली हायड्रोजन सल्फाइड असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो. आणि २०१३ च्या कायद्याने गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायलाच मनाई आहे. त्याच्या नियमांत साधनांच्या यादीत हार्नेस आणि तिपाई आहेत, म्हणून ‘बेल्ट देतो, उतर’ असं म्हणायची परवानगी सोसायटीच्या सेक्रेटरीला मिळत नाही. काम यंत्राने करायचं. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. घरच्यांना ही रक्कम माहीत नसते आणि पाच-पन्नास हजारांवर तडजोड केली जाते.

पेटी आणि ठेकेदार

मंडळाकडे नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. पेटी मिळाली म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. ‘तुझ्याकडे मंडळाचा आहे ना’ हे उत्तर मी ऐकलं आहे. मजबूत जागा, दोर, उतरवायची सोय यातलं काहीच पेटीत येत नाही.

एकदा कुणी पडून झेललं गेलं की तो बेल्ट आणि ती दोरी बाद, वरून धड दिसली तरी. नुसता बाजूला ठेवू नका. कात्रीने पट्ट्या कापून टाका, नाहीतर पुढच्या कामाला घरातलाच कुणीतरी तो उचलून नेतो.